एका पानाचा माणूस

तो मंत्री झाला ही बातमी मला माझ्या मुलीनं दिली. मी कणीक मळत होते, तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला. शपथ घेतानाचा फोटो होता. केस पिकलेत, बाकी तोच. तोच किंचित तिरका चेहरा, कोण बघतंय याचा अंदाज घेत असलेला.

"आई, धिस इज युअर ओल्ड बॉस, राइट? दॅट्स सो कूल!"

"कूल काय त्यात?" मी म्हटलं. "चढला मेला एकदाचा."

ती हसली. तिला वाटलं, आई नेहमीसारखं काहीतरी फणकाऱ्यानं बोलतेय. मी फणकाऱ्यानंच बोलते, हे खरं आहे, पण त्या दिवशी मला इतका राग आला होता की कणकेत पाणी जास्त झालं आणि ती सगळी पुन्हा पीठ घालून सावरावी लागली.

त्याचं नाव इथे लिहिणार नाही. खातं कुठलं मिळालं तेही नाही. मला त्याच्यावर खटला भरायचा नाही. मला फक्त तो वर कसा चढला हे सांगायचंय, कारण त्यातली एक पायरी मी माझ्या हातानं टाईप केली आहे.

मी पुण्याची, नवरा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. अमेरिकेत आलेले आमच्या बरोबरीचे बहुतेक लोक सांता क्लाराला नाहीतर प्लेनोला गेले, जिथे गणपतीला रांगा लागतात आणि कोपऱ्यावर चकलीची भाजणी मिळते. आम्ही मात्र नवऱ्याच्या कंपनीच्या कृपेनं मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या शहरात येऊन पडलो. ग्रीन कार्ड आल्यावर मी नोकरी शोधायला लागले, आणि मिळाली ती ग्रीक कॉन्सुलेटमध्ये. ओळखीतल्या सगळ्यांनी माझी यथेच्छ टिंगल केली. अल्फारेटाची माझी मामेबहीण म्हणाली, "तुला ग्रीक येतं का गं? पहिल्या दिवशी काय बोलणार, अल्फा बीटा गॅमा?" मला ग्रीक येत नव्हतं. त्यांना इंग्रजी नीट लिहिणारं, फायली जागच्या जागी ठेवणारं आणि काउंटरवर लोकांचा आरडाओरडा ऐकून घेणारं माणूस हवं होतं. ग्रीक मी नंतर शिकले, बऱ्यापैकी शिकले.

माझा खरा उपयोग त्यांना नंतर कळला. बंदरात ग्रीक मालकांची जहाजं येतात. त्यातल्या काहींवर झेंडाही ग्रीक असतो. अधिकारी ग्रीक, पण डेकवर घाम गाळणारे फिलिपिनो नाहीतर आपले, आणि आपल्यातले अर्धे रत्नागिरीकडचे. जहाजावर काही भांडण, आजारपण, अपघात झाला की कॉन्सुलेटचा माणूस कागद घेऊन जहाजावर जाणार आणि मी दुभाषी म्हणून त्याच्या मागे डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून शिडी चढणार. मला ते काम आवडायचं. नऊ हजार मैलांवरचा कोणी 'ताई, तुम्ही आपल्याकडच्या?' म्हणून डोळे मोठे करायचा, तेव्हा फार बरं वाटायचं.

तो आला व्हाइस कॉन्सुल म्हणून. पस्तिशीचा असेल. पहिल्याच दिवशी सगळ्यांसाठी स्वतः कॉफी आणि मधातली ती पापुद्र्याची मिठाई घेऊन आला. प्रत्येकाच्या टेबलाशी थांबला. मला विचारलं, मुलं किती, नाव काय, काय शिकते. खिशातून छोटी वही काढली आणि मुलीचं नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेऊन लिहिलं. त्यानंतर दर महिन्याला तो तिची नावानिशी चौकशी करायचा. बँडमध्ये ती क्लॅरिनेट वाजवते हेही त्याला ठाऊक होतं. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "काय सज्जन माणूस आहे!" हे वाक्य मी बोलले याची मला आजही लाज वाटते.

एकदा ती वही त्याच्या टेबलावर उघडी राहिली होती. त्यात सगळे होते. जहाजमालकांच्या बायका, चर्चचे पाद्री, महापौराची सेक्रेटरी, आम्ही काउंटरवाले. प्रत्येकासमोर मुलांची नावं, आजारपणं, कोण कोणाचा मेहुणा. माझ्या नावासमोर मुलीचं नाव, क्लॅरिनेट, आणि खाली एक शब्द, ग्रीकमध्ये. तोवर मला तेवढं वाचता येत होतं. शब्द होता 'उपयोगी'.

त्याचा एक नियम होता. राजधानीला, म्हणजे अथेन्सला, जाणारा कुठलाही रिपोर्ट एका पानाचाच हवा. "दुसरं पान कोणीही वाचत नाही," तो म्हणायचा. त्याच्या आधीचे म्हातारे कॉन्सुल चार-चार पानं लिहायचे, सगळं खरंखुरं आणि रटाळ. हा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा आणि आम्ही मिळून गाळायचो. आधी विशेषणं जायची, मग तारखा, मग नावं, आणि शेवटी माणसंच निघून जायची. मला सुरुवातीला त्यात मजा वाटायची, खोटं कशाला बोलू. माझी भाषा सुधारली. एकदा एक ग्रीक आजी तिच्या नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी पाचव्यांदा खेटा घालून काउंटरवर वीस मिनिटं आमचा उद्धार करत होती. महिन्याच्या रिपोर्टात त्याचं काय झालं? 'नागरिकांशी मोकळी चर्चा झाली.' मी हसले होते. आजी बिचारी अजून दाखल्याची वाट बघत होती.

आणि यात खोटं काही नव्हतं, हाच तर माझ्या संतापाचा विषय आहे. चर्चा झालीच होती, मोकळीही होती. त्या माणसानं माझ्यासमोर सहा वर्षांत एकही खोटं वाक्य लिहिलं नाही. खोटं लिहिणारा पकडता येतो. हा खऱ्यातलं नको ते खाली सांडायचा आणि उरलेलं स्वच्छ पुसून पाठवायचा.

तर ती पायरी, म्हणजे एक अपघात. ग्रीक झेंड्याचं मालवाहू जहाज धान्य भरायला आलं होतं. धान्य भरायच्या आधी होल्ड, म्हणजे जहाजाच्या पोटातलं ते भलंथोरलं कोठार, घासूनपुसून लख्ख करावं लागतं. सकाळी तपासणीस येतो, भिंतीवर गंजाची एक खपली दिसली तरी नापास करतो, आणि मग जहाज धक्क्यावर अडकून पडतं. त्या घाईत एक खलाशी शिडीवरून वरची भिंत खरवडताना बारा मीटर खाली पडला आणि गेला. तेहेतीस वर्षांचा होता. खाडीकाठच्या एका गावातला. ग्रीक झेंड्याच्या जहाजावर माणूस दगावला की प्राथमिक चौकशी जवळच्या कॉन्सुलेटनं करायची असते. म्हणून व्हाइस कॉन्सुल आणि मी गेलो.

साक्षीदार एकच, बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या. पन्नाशीचा, त्याच खाडीच्या पलीकडच्या तीरावरचा. खलाशांच्या जेवणाच्या खोलीत आम्ही बसलो. त्यानं माझं मराठी ऐकलं आणि टेबलावर डोकं ठेवून रडायलाच लागला. मग पाणी पिऊन सगळं नीट, क्रमानं सांगितलं. उंचावर काम करताना कमरेला सेफ्टी बेल्ट लागतो. बेल्ट स्टोअरमध्ये, स्टोअरची किल्ली चीफ ऑफिसरकडे.

"दोनदा मागितलान ओ त्यानं, ताई," बोसन म्हणाला. "मी उभा होतो तिथे. पोरगा बेल्टाशिवाय चढणाऱ्यातला नव्हताच. साहेब म्हणाला, दहा मिनिटांचं काम, किल्ली शोधायला वेळ नाय, चढ. तिसऱ्यांदा कसा बोलेल तो? चढला."

मी हे सगळं तिथल्या तिथे व्हाइस कॉन्सुलला इंग्रजीत सांगितलं. शब्द न् शब्द. तो मान हलवत ऐकत होता. मग मी जहाजाच्या ऑफिसात बसून जबानी टाईप केली, प्रिंट काढली. एक पान आणि वर चार ओळी झाल्या.

त्यानं वाचलं. "उत्तम," म्हणाला. "फार उत्तम लिहिलंय." मग पहिल्या पानावर एके ठिकाणी बोट टेकवलं आणि ते तसंच ठेवून माझ्याकडे बघितलं. बोट जिथे होतं तिथे बेल्ट मागितल्याच्या चार ओळी होत्या. "एका पानाच्या वर गेलंय," एवढंच म्हणाला, आणि फोन आला म्हणून बाहेर डेकवर गेला.

मी त्या चार ओळी काढल्या. उरलं ते असं: मृत व्यक्तीनं काम करताना सेफ्टी बेल्ट घातलेला नव्हता. पान बरोबर एक झालं.

तो परत आला, वाचलं, माझ्या खांद्यावर हलकेच थोपटलं. मी म्हटलं, "ते बेल्टचं राहिलंय." तो म्हणाला, "पुढे गरज पडली तर आपण वेगळी नोंद करू." मी मान डोलावली. गरज पडावी असं कोणाला वाटणार होतं? कंपनीला? चीफ ऑफिसरला? त्याला? हे मला तेव्हाच समजत होतं. मी बावळट नव्हते, मी भित्री होते, आणि त्या महिन्यात नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करत होते म्हणून आणखीच भित्री झाले होते.

मग मी बोसनला ती जबानी मराठीत वाचून दाखवली. तो डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "आणि बेल्ट मागितला त्याचं?"

मी म्हटलं, "त्याची वेगळी नोंद होणार आहे."

'गरज पडली तर' मी गाळलं. कोणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं गाळायची सवय झाली होती.

"तुम्ही म्हणताय ना ताई, मग झालं," म्हणून त्यानं सही केली. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या माणसाला इंग्रजी वाचता येत होतं. तीस वर्षं तो इंग्रजी चेकलिस्ट भरत आला होता, कागद समोर होता, चष्मा खिशात होता. पण ताईनं वाचून दाखवल्यावर आपण पुन्हा वाचायचं म्हणजे ताईवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. म्हणून त्यानं चष्मा काढला नाही. फिलिपिनो खलाशी असता तर तीनदा वाचून सही केली असती. ही चूक आपलाच माणूस करू शकतो, आणि तिचा फायदा आपलंच माणूस घेऊ शकतं.

शेवटी छापील प्रश्न होता: साक्षीदाराला आणखी काही सांगायचं आहे का? व्हाइस कॉन्सुलनं पेन उघडून माझ्याकडे पाहिलं. मी बोसनला न विचारताच 'नाही' म्हटलं. जहाज दुसऱ्या दिवशी धान्य भरून वेळेवर निघालं.

त्या एका पानाची राजधानीत वाहवा झाली. वाद न वाढवता, कंपनीला न दुखावता, आठवड्याच्या आत प्रकरण मिटलं होतं. जहाजमालकांच्या जेवणाला त्याला मुख्य टेबलावर बसवलं. वर्षाच्या आत त्याची बदली झाली, आमच्या कोपऱ्यातून एका मोठ्या दूतावासात. निरोप देताना त्यानं सगळ्यांसमोर माझे आभार मानले, मुलीला क्लॅरिनेटसाठी शुभेच्छा दिल्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी फोन आला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, कोणीतरी इंडियन आहे, तूच बोल. पलीकडे म्हातारा आवाज होता. मेलेल्या खलाशाचे वडील. ते स्वतः आयुष्यभर जहाजावर होते, सारंग, म्हणजे बोसनच, म्हणून निवृत्त झालेले. कंपनीनं मुलाच्या सामानाच्या पेटीबरोबर आमच्या रिपोर्टची प्रत पाठवली होती.

"बाय, रागावू नकोस," ते म्हणाले. "एकच विचारायचंय. बेल्ट बांधला होतान की नव्हता?"

"काका, रिपोर्टमध्ये नव्हता असं आहे."

"रिपोर्ट माझ्यासमोर आहे. मी तुला विचारतोय."

मी काउंटरकडे बघितलं, बंद दाराकडे बघितलं, आणि म्हटलं, "नव्हता."

ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पहिल्या खेपेला पाठवताना अंगणात उभा करून शिकवला होता. जेवण चुकलं तरी चालेल, बेल्ट चुकवायचा नाय. माझ्या तोंडाला काळं फासून गेला." आणि फोन ठेवला.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन पासपोर्टचे अर्ज लावले. मला तेव्हा व्हाइस कॉन्सुलचा राग आला नाही, हे लक्षात घ्या. राग नंतर आला.

पुढच्या वर्षी बोसनचा मेसेज आला. सुट्टीवर गावी गेला होता, म्हाताऱ्याला भेटायला गेला, सगळं खरं सांगितलं. म्हाताऱ्यानं कागद काढून त्याच्यापुढे टाकला: ही सही कोणाची? आता त्याचं नाव वाचवायला खोटं सांगायला आलास? आणि त्याला पडवीतून उठवलं. 'ते माझं ऐकत नाहीत, ताई,' त्यानं लिहिलं होतं. 'कागदात तुमचं नाव दुभाषी म्हणून आहे. तुम्ही सांगितलंत तरच ऐकतील.' खाली त्यांचा नंबर दिला होता. त्या दोन निळ्या खुणा त्याला दिसल्या असणार. मी उत्तर दिलं नाही. आज देऊ, उद्या देऊ, नोकरी सुटल्यावर देऊ. नोकरी मी पुढच्या वर्षी सोडलीसुद्धा, कौंटीच्या लायब्ररीत लागले. तरीही दिलं नाही.

त्याऐवजी मी माझ्या जुन्या साहेबावर नजर ठेवली. घरात सगळे हसायचे मला. संध्याकाळी चहा घेऊन बसायचं आणि ग्रीक बातम्या लावायच्या. आधी तो परराष्ट्र खात्याचा प्रवक्ता झाला. काय प्रवक्ता होता! पत्रकारानं काहीही विचारो, याचं उत्तर एका मिनिटात, हसरं, आणि त्यात प्रश्नातलं एकही माणूस शिल्लक नाही. मग त्यानं नोकरी सोडून निवडणूक लढवली. भाषणात सांगायचा की मी परदेशात साध्या खलाशांमध्ये वावरलोय, त्यांची दुःखं मी जवळून ऐकली आहेत. मी टीव्हीला उद्देशून जे बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. नवरा म्हणाला, "अगं, तो ग्रीक आहे, त्याला मराठी शिव्या कशाला घालतेस?" मग तो उपमंत्री झाला, आणि मग मुलीनं फोटो दाखवला तो.

इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना कळलं तर त्यांना कोण आनंद. "मिनिस्टर? अगं, मग तू ट्रिपला गेलीस की व्हीआयपी ट्रीटमेंट यार!" एकीनं तर विचारलं, तिच्या भाच्याला अथेन्समध्ये मास्टर्स करायचंय, शब्द टाकशील का. मी म्हटलं, टाकीन, पण एका पानात बसायला हवा. ती हसली. मी हसले नाही.

या वर्षी वसंतात तो अमेरिकेच्या दौऱ्यावर आला, आणि आमच्या शहरात आला. ग्रीक चर्चच्या हॉलमध्ये स्वागत होतं. जुनी कर्मचारी म्हणून मलाही आमंत्रण आलं. मुलगी म्हणाली, "मी ड्राइव्ह करते, आय वॉन्ट टू सी हिम." ती आता शाळेत बँड शिकवते. मी तिला त्या दुपारी, जायच्या आधी, पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, यू वर द ट्रान्सलेटर. ते तुझं स्टेटमेंट नव्हतं." मला तिचं ते समजूत घालणं आवडलं आणि आवडलं नाही.

हॉलमध्ये पालकाच्या पॅटिसांचा वास आणि परफ्यूमचा वास. लोक रांगेत उभे होते, तो प्रत्येकाचा हात दोन्ही हातात घेत होता. माझी पाळी आली तर चेहरा उजळला. खरंच उजळला. "माझी गुरू!" तो ग्रीकमध्ये ओरडला, आणि शेजारच्या दोन जहाजमालकांना सांगितलं, "मला एका पानात लिहायला हिनं मदत केली." मग माझ्या मुलीकडे वळला. "क्लॅरिनेट?" तिनं भुवया उंचावल्या. तिचं नाव मात्र त्यानं चुकीचं घेतलं.

मी ग्रीकमध्ये म्हटलं, "मला एका जुन्या जबानीत चार ओळी घालायच्या आहेत."

त्यानं विचारलं नाही कुठल्या. माझा दंड धरून मला खिडकीशी नेलं. सौम्य आवाजात म्हणाला, "ते प्रकरण बंद झालंय. तो अधिकारी आता कप्तान आहे. आता कोणाचं भलं होणार आहे?"

"त्याच्या वडिलांचं. त्यांना वाटतं, मुलगा स्वतःच्या निष्काळजीपणानं मेला. तुम्ही एक पत्र द्या. सहीचं. बेल्ट मागितला होता, एवढंच."

"पण जबानीत तसं नाही."

"कारण तुम्ही काढायला लावलंत."

तो माझ्याकडे जरा दुःखानं बघत राहिला. ते दुःखही त्याला छान येतं. "मी म्हणालो होतो, एका पानाच्या वर गेलंय," तो म्हणाला. "कुठल्या ओळी काढायच्या ते मी सांगितलं नव्हतं. ते तुम्ही ठरवलंत. आणि साक्षीदाराला वाचून तुम्ही दाखवलंत. मला तुमची भाषा येत नाही."

मग त्यानं माझा हात दोन्ही हातात घेतला, दाबला, आणि रांगेकडे परत गेला.

मी तिथे उभी राहिले. त्याला सगळं आठवत होतं. बोट आठवत होतं, म्हणूनच बोटाचा उल्लेख त्यानं टाळला. माझ्या अंगाचा इतका तिळपापड झाला होता की टेबलावरचा लिंबूपाण्याचा जग त्याच्या सुटावर उपडा करावा असं वाटलं. पण जे तो बोलला त्यात खोडून काढण्यासारखा एक शब्द नव्हता. बोट टेकवणारा तो होता. डिलीटचं बटण दाबणारी मी. 'गरज पडली तर' गिळणारी मी. छापील प्रश्नाला 'नाही' म्हणणारी मी. आणि इतकी वर्षं संध्याकाळी चहा पीत मी त्याला शिव्या घालत होते, कारण दुसरा कोणी शिव्या घालायला सापडत नव्हता असं नाही, तर जो सापडत होता तो आरशात होता.

गाडीत मुलीनं विचारलं, "सो? व्हॉट डिड ही से?"

"म्हणाला, मी केलं."

"डिड यू?"

"हो."

तिनं गाडी हायवेवर घेतली. मग रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "देन व्हाय आर यू आस्किंग हिम फॉर अ लेटर, आई? यू कॉल द डॅड."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमची सकाळ म्हणजे तिकडची संध्याकाळ. बोसनच्या त्या जुन्या मेसेजमधला नंबर मी लावला. वाटलं, बंद असेल. वाटलं, म्हातारा कदाचित नसेलच, आणि खरं सांगते, क्षणभर मला तसंच असावं असंही वाटलं. तिसऱ्या रिंगला त्यांनी उचलला. आवाज आणखी खोल गेला होता. मी कोण ते सांगितलं. त्यांना लगेच कळलं.

"बोल, बाय."

मी गाळलं काहीच नाही. सकाळची घाई, तपासणीस, स्टोअरची किल्ली, त्यानं पहिल्यांदा मागितला ते, दुसऱ्यांदा मागितला ते, चीफ ऑफिसर काय म्हणाला ते. बोसननं हे जसंच्या तसं सांगितलं होतं, तो खोटं बोलत नव्हता, सही त्यानं माझ्यावर विसंबून केली. त्या ओळी मी काढल्या. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. मी रडले नाही. रडणं म्हणजे त्यांच्याकडून आणखी काहीतरी मागून घेणं झालं असतं.

पलीकडे कोंबड्यांना कोणीतरी हाकलत होतं. मग ते म्हणाले, "दोनदा मागितलान?"

"हो काका. दोनदा."

"दोनदा," ते म्हणाले. "आठ वर्षं झाली. त्याचा फोटो भिंतीला लावू दिला नाय मी कोणाला. त्याच्या आईनं पेटीत ठेवलान, ती तशीच गेली."

मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

"आता लावतो," ते म्हणाले. "तुम्ही फोन ठेवा. आणि परत या नंबरावर करू नका."